ताई रेषेच्या आत थांबायची

ताईच्या वर्गातली निम्मी पोरं जन्मालाही आली नव्हती, तेव्हापासून ताई कोट शिवते आहे. अशा बाईने या वयात एम.ए.ला नाव घालावं, आणि विषय घ्यावा तर अर्थशास्त्र! भाषा घेतली असती तर मी एक वेळ समजून घेतलं असतं, कारण बी.ए. तिने भाषेतच केलं होतं, तेही बाहेरून, काजं करता करता. इतिहासही चालला असता. इतिहासात निदान गोष्टी तरी असतात. मी म्हटलं, "ताई, गिऱ्हाइकाला सुटे परत देताना तू अजून बोटं मोजतेस."

"बोटं माझीच आहेत ना?" ताई म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

ताईशी वाद घालण्यात हा एक मोठा तोटा आहे. ती भांडत नाही. आपलं काम करत राहते, आणि काढलेलं भांडण तुमच्याच हातात राहतं.

आमचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला काच, काचेला लागून दोन मशिनं, मधोमध कापायचं मोठं टेबल. मागे पडदा लावून एक कोपरा केलेला आहे, तिथे गिऱ्हाईक कपडे घालून बघतं आणि आरशासमोर पोट आत ओढून आम्हाला फसवायला बघतं. भिंतीवर ओळीने खिळे, आणि त्यांना कपडा बेतायचे तपकिरी कागदाचे खाके टांगलेले. वर दोन खोल्यांचं घर आहे. तिथे ताई, भाऊजी आणि मी राहतो. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर लोकांना वर-खाली नेणाऱ्या यंत्रांत राहिल्यामुळे असेल, त्यांना स्वतःला कुठेही जायची घाई नसते. मी सगळ्यांत धाकटी आणि तोंडाळ. हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला कष्ट नकोत.

माझ्या आणि ताईच्या वयात बरंच अंतर आहे. वडिलांचा हात थरथरायला लागला तेव्हा मी अक्षरं गिरवत होते आणि ताई नुकतीच कॉलेजात जायला लागली होती. वडिलांना सुई धरवेना. दुकान बंद पडायची पाळी आली, तेव्हा ताई कॉलेज सोडून जी दुकानात आली ती तिथेच राहिली. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं, असं वडील शेवटपर्यंत सांगायचे. ते खरंच होतं. पण तिला कुणी परत जा असंही म्हटलं नाही. मला मात्र तिने हात धुऊन मागे लागून शिकवलं. मला शिकायचा मनापासून कंटाळा होता. शेवटी एक दिवस मी दप्तर कोपऱ्यात ठेवलं, दुसऱ्या मशीनवर जाऊन बसले आणि म्हटलं, आता मला इथून उठवून दाखव. तिने उठवलं नाही, पण बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

तर अर्थशास्त्राचं खूळ आलं कुठून? आमच्या समोरच्या बाजूला तयार कपड्यांचं एक मोठं दुकान झालं. बघता बघता आमचे शर्ट गेले, पँटी गेल्या, मुलींचे फ्रॉक गेले. राहिले ते कोट, थोडे गणवेश, आणि त्याच दुकानातून घेतलेल्या पँटींची लांबी कमी करायची कामं. मी रोज सकाळी आमची काच पुसता पुसता त्या दुकानाचा उद्धार करायचे. ताईने मात्र चकार शब्द काढला नाही. मग एकदा पेपरात लेख आला की अशा दुकानांमुळे काहींचं नुकसान झालं, तरी समाजाचं एकंदर कल्याण वाढतं. ताईने तो वाचला, परत वाचला आणि चष्मा काढून मला विचारलं, "हे एकंदर म्हणजे कोण गं?"

"सगळे मिळून," मी म्हटलं.

"मग त्यात आपण आहोत की नाही?"

"मला काय माहीत? लिहिणाऱ्याला जाऊन विचार."

मी आपलं बोलून गेले. पण ताई खरंच चौकशीला गेली. लेख लिहिणारा गृहस्थ काही तिला सापडला नाही. विद्यापीठात दुपारचे वर्ग असतात आणि पदवी कुठल्याही विषयातली चालते, एवढं मात्र सापडलं. परत आली ती प्रवेश घेऊनच.

प्रवेशही असा की त्याला अर्धवट शिवलेला कपडा म्हणावं. जे आधी अर्थशास्त्र शिकलेले नाहीत त्यांना अट होती. पहिल्या सत्राच्या शेवटी पायाभूत विषयाचा एक पेपर द्यायचा. पास झालात तर पुढे दोन वर्षं तुमची. नापास झालात तर जागा गेली, आणि परत बसता येणार नाही. मी ही अट ऐकली आणि मनात म्हटलं, चला, म्हणजे हे सगळं चार-पाच महिन्यांचंच आहे. तेवढे दिवस दुपारचं दुकान मी एकटी ओढीन.

पहिल्या दिवशी ताई परत आली ती तोंड एवढंसं करून. सरांनी फळा भरून गणित केलं होतं. "भरून म्हणजे भरून," ताई म्हणाली, "आणि त्यात आकडा एकही नाही गं. सगळी अक्षरंच."

"मग तुला सोपं. तू भाषेवाली," मी म्हटलं. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊजी कामावरून येताना जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून शाळेची गणिताची पुस्तकं घेऊन आले, सातवीपासून वरची सगळी. टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेले. ताईने सातवीपासून सुरुवात केली. मग आमच्या दुकानात काय काय चालायचं ते विचारू नका. मी एका अंगाने माप सांगायचे, छाती अडतीस, कंबर छत्तीस, आणि ताई ते लिहून घेऊन दुसऱ्या अंगाने पुटपुटायची, म्हणजे क्ष बरोबर किती. एका बाईने घाबरून विचारलं, "अहो, हा क्ष कुठला? माझंच माप आहे ना हे?" मी तिला सांगितलं की नवीन फॅशन आहे.

वर्गात तिला एक मैत्रीण मिळाली. चष्मेवाली, किडकिडीत, इंजिनियरिंग करून इकडे वळलेली पोरगी. मी तिचं नाव इंजिनियरच ठेवलं. गणित म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. रविवारी दुकान बंद असलं की ती यायची आणि दोघी कापायच्या टेबलाशी बसायच्या. ती भराभरा गणित सोडवायची. ताई शेवटी विचारायची, "म्हणजे नक्की झालं काय?" मग दोघी मिळून नक्की काय झालं ते शोधत बसायच्या. मी पलीकडे बटणं लावत ऐकायचे. त्यातलं बरंचसं माझ्या डोक्यावरून गेलं, पण काही काही चिकटलंही. उतार म्हणजे काय, हे ताईला दुसऱ्या कुणी शिकवावं लागलं नाही. बाहीचा गोलवा काढणाऱ्या माणसाला वळण कुठे किती झुकतं ते हातालाच कळतं. तिच्या आकृत्या तर अशा सुरेख असायच्या की इंजिनियर त्यांचे फोटो काढून न्यायची.

आणि एक गोष्ट मी या महिन्यांत पाहिली. ताई दुपारी इस्त्रीचे कपडे घालून, खांद्याला पिशवी लावून निघायची तेव्हा तिची चाल वेगळी असायची. संध्याकाळी येऊन बोलायची, सरांची नक्कल करायची, भाऊजींना मागणी आणि पुरवठा समजावून सांगायची. भाऊजी जेवता जेवता मान हलवायचे. ताई आनंदात असली की कशी दिसते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मला ती तशी फार आवडायला लागली. दुकानातली दोन मशिनं एकटीने चालवताना माझे नाकी नऊ येत होते आणि मी दिवसभर कुरकुरत होते, तरीसुद्धा.

मग चाचणी झाली आणि पेपर हातात आला. बाकी सगळं ठीक, पण ज्या प्रश्नाला सगळ्यांत जास्त गुण, त्यात भोपळा. आकृतीशेजारी सरांनी लिहिलं होतं: आकृती उत्तम, उत्तर चूक.

तो प्रश्न काय होता, ते मला समजलं तसं सांगते. एक माणूस आहे, त्याच्याकडे ठरावीक पैसे आहेत. बाजारात वस्तू दोनच, समजा ब्रेड आणि सफरचंदं. सगळे पैसे खर्चून ब्रेड किती आणि सफरचंदं किती येतील, याच्या जेवढ्या जोड्या होतात त्या कागदावर मांडल्या की एक तिरकी सरळ रेषा मिळते. ती बजेटची रेषा. तिच्या पलीकडे जाता येत नाही, कारण तेवढे पैसे नाहीत. मग समाधानाचे वक्र काढायचे, म्हणजे सारखंच समाधान देणाऱ्या जोड्या जोडणाऱ्या वाकड्या रेषा, आणि माणूस जास्तीत जास्त समाधानी कुठे होईल तो बिंदू दाखवायचा. तो बिंदू यायला हवा रेषेवर, जिथे वक्र रेषेला जेमतेम टेकतो तिथे.

ताई सगळं बरोबर करायची. रेषा काढायची, वक्र काढायची, आणि बिंदू मात्र रेषेच्या थोडासा आत, बोटभर अलीकडे. दर वेळी. इंजिनियरने तिला हे आधीही सांगितलं होतं, ताई हो हो म्हणाली होती, आणि पेपरात पुन्हा बिंदू आतच.

कारण मला बघताक्षणी कळलं. आमच्या धंद्यात खडूच्या रेषेवर कात्री चालवतच नाहीत. रेषेबाहेर बोटभर कापड जास्तीचं ठेवायचं, शिवणीच्या आत दुमडायला, उद्या माणूस जाड झाला तर उसवून मोकळं करायला. त्या जास्तीच्या कापडाला शिंपी माया म्हणतात. वडिलांनी आम्हाला कात्री धरायला शिकवलं त्याच्या आधी माया सोडायला शिकवलं. ताईच्या तर ते हाडीमांसी खिळलेलं. घर चालवतानाही तिने कधी काही तळापर्यंत खरवडलं नाही. डब्यात मूठभर राखायची, रिळावर हातभर दोरा राखायची. तिच्या हातून सगळे पैसे संपवणारा माणूस कागदावरसुद्धा काढला जात नव्हता.

सरांना भेटायला ती निघाली तेव्हा मीही बरोबर गेले. कुणीतरी भांडायला हवं ना.

सरांची खोली जिन्याखाली होती. पुस्तकं खुर्चीवर, पुस्तकं खिडकीत, आणि सर वयाने ताईपेक्षा लहान, केस विस्कटलेले. कॉलरचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. माझं अर्धं लक्ष त्या बटणाकडेच.

"तुमच्या आकृत्या मी वर्गाला दाखवतो," सर म्हणाले. "पण तुमचा बिंदू दर वेळी रेषेच्या आत का असतो?"

"थोडे शिल्लक राहावेत म्हणून."

"कशासाठी?"

"उद्यासाठी."

"या गणितात उद्या नाही," सर म्हणाले.

ताईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "उद्या नाही असं कुणी ठरवलं?"

"आपणच धरून चालतो, सोपं पडावं म्हणून. माणूस एक, वस्तू दोन, दिवस आजचा. पैसे उरवून त्याला इथे काहीच मिळत नाही. मग तो उरवेल कशाला?"

"सर," ताई शांतपणे म्हणाली, "सगळे पैसे संपवून घरी येणाऱ्या माणसाला मी शहाणा म्हणणार नाही."

"मीही म्हणणार नाही." सर हसले. "पण उद्या येतो तो दुसऱ्या वर्षी. त्यावर अख्खा पेपर आहे. बचत, व्याज, म्हातारपणाची सोय, सगळं. तिथवर पोचायचं तर आधी हा पेपर पार करावा लागेल. आणि तुम्ही पोचावं अशी माझी फार इच्छा आहे. पण रेषेच्या आतल्या बिंदूला मी गुण देऊ शकत नाही."

माणूस चांगला होता, त्यामुळे माझी भांडायची हौस राहूनच गेली. निघताना फक्त म्हटलं, "सर, बटण सांभाळा."

बाहेर रस्त्यावर आल्यावर ताई म्हणाली, "मला नाही पटत."

"पटवून घ्यायला कुणी सांगितलंय? त्यांना हवं ते लिही आणि मोकळी हो."

"न पटलेलं लिहायचं म्हणजे खोटं लिहायचं."

"अगं, परीक्षा आहे ती, साक्ष नाही द्यायचीय!"

पण ताईच ती. संध्याकाळी मी भाऊजींपुढे गाऱ्हाणं मांडलं. म्हटलं, तुम्ही तरी समजवा. भाऊजींनी घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "लिफ्टमध्ये आठ माणसं लिहिलेलं असतं. दोर त्याच्या कितीतरी पट तोलतो. हातचं राखल्याशिवाय कुणी काही बांधत नाही." ताईचा चेहरा असा खुलला! मी कपाळावर हात मारून घेतला. दोघं एकाच माळेचे मणी. मी या घरात एकटी पडले.

परीक्षा तोंडावर आली. एका दुपारी वर्ग नव्हता म्हणून ताई दुकानात होती. एका ढेरपोट्या गृहस्थांचा कोट होता, त्याचा खाका ती तपकिरी कागदावर काढत होती. वह्या बाजूला सरकवून ठेवलेल्या. ती सहज म्हणावं तशी म्हणाली, "नापास झाले तर झाले. कोट आहेतच की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तिचं ते सहज म्हणणं सोसेना. एवढी सातवीपासून पुस्तकं घासली, माझ्या पाठीचा काटा ढिला झाला, आणि ही आत्तापासूनच खुशाल हात झटकून मोकळी! मी हातातला कोट टाकला आणि तिच्यासमोरचा कागद ओढून घेतला.

"हा कुणाचा खाका?"

"माहीत आहे तुला कुणाचा. दे इकडे."

"यात माया कुठे आहे?"

"कागदाला कशाला माया?" ताई म्हणाली. ती क्वचितच चिडते, तेव्हा चिडली होती. "कागद अंगाच्या मापाचा काढायचा. नेमका. माया कापडावर सोडायची. कागदातच माया धरली तर माप कुठलं आणि जास्तीचं कुठलं, ते कसं कळणार? आणि मग कोट..."

ती मध्येच थांबली.

"मग सरांचा तो कागद आहे," मी म्हटलं. "कापड दुसऱ्या वर्षी."

हात पुढे करून ताईने माझ्याकडून कागद घेतला, टेबलावर सरळ केला. त्या ढेरपोट्या गृहस्थांच्या पोटाच्या रेषेवरून बोट फिरवलं. मग तिथेच कोपऱ्यात पेन्सिलीने एक तिरकी रेषा काढली, तिला टेकणारा एक वक्र काढला, आणि बिंदू दिला. रेषेवर. नेमका.

"हं," ती म्हणाली. "म्हणजे आधी माप घ्यायचं आहे होय."

मला इतकं बरं वाटलं की मी आणखी भांडले. म्हटलं, एवढीशी गोष्ट कळायला मला घसा कोरडा करावा लागतो. मग चहा टाकायला वर गेले आणि जिन्यात उभी राहून थोडी हसले.

परीक्षेच्या दिवशी ताई सकाळीच गेली. मी दुकानात होते आणि काही धड करत नव्हते. गणवेशाच्या एका शर्टाला कफ उलटे लावले. दुपारी ती आली, पिशवी ठेवली, हात धुतले.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"रेषेवर?"

"रेषेवर. हात जरा अडखळला, पण रेषेवर." मग थोड्या वेळाने म्हणाली, "बाकीचं काही खरं नाही. एका गणितात अर्ध्यावर अडकले."

निकालाची वाट बघत असताना एक दिवस इस्पितळातल्या मेट्रनबाई दुकानात आल्या. ताई बाहेर गेली होती. त्या म्हणाल्या, "सोमवारी कापड पाठवते हं." कसलं कापड? तर सगळ्या नर्सांचे नवे गणवेश. ताईने त्यांना शब्द दिला होता की पुढल्या महिन्यापासून दोघी बहिणी दिवसभर दुकानात असू, काम नक्की करू. वर्षभर पुरेल एवढं काम. एरवी अशा कामासाठी मी त्यांच्या इस्पितळाच्या पायरीवर जाऊन बसले असते. तेव्हा मात्र मला त्यांना धड बसा म्हणायचंही सुचलं नाही.

ताई आल्यावर मी विचारलं. तिने लपवलं नाही. "नापास झाले तर हातात काहीतरी असावं म्हणून," ती म्हणाली.

"आणि पास झालीस तर?"

"कुठली होतेय?"

"झालीस तर?"

"तर बघू. सकाळी लवकर बसेन मशीनवर. एखादा वर्ग बुडेल." तिने हे अगदी हळू सांगितलं. एखादा वर्ग म्हणजे किती, ते मला पक्कं ठाऊक होतं. दोन मशिनं, एवढे गणवेश आणि ताईचा स्वभाव. महिन्याभरात ती कॉलेजाचा रस्ता विसरली असती, आणि कुणी तिला परत जा म्हटलेलंही नसतं.

निकाल लागला त्या दिवशी ताई गेली नाही. म्हणाली, गिऱ्हाईक येणार आहे, तूच बघून ये. मी गेले. पास झालेल्यांच्या यादीपुढे पोरांची ही गर्दी. मी सगळ्यांना कोपरांनी बाजूला सारलं, वयाचा तेवढा फायदा घेतला. ताईचा नंबर मला पाठ होता. खालून बघायला सुरुवात केली आणि एकेक नंबर मोठ्याने वाचत वर गेले. मधोमध होता तो. वरच्यांत नाही, अगदी तळाशीही नाही. बाकीच्या नंबरांसारखाच छापलेला. मी दोन वेळा बोट ठेवून बघितला. तिथल्या तिथे माझे डोळे भरून आले, आणि शेजारच्या पोराने अगदी जपून विचारलं, "काकू, राहिलात का?"

"गप रे," मी म्हटलं. "पास झालोय आम्ही."

दुकानात शिरले तेव्हा ताई एका गिऱ्हाइकाच्या पायाशी गुडघे टेकून बसली होती आणि पँटीच्या पायाला टाचण्या लावत होती. तीन-चार टाचण्या दातांत धरलेल्या. मी दारातूनच ओरडले, "झालीस!"

ताईला बोलता येईना. तिने दातांतली एकेक टाचणी काढली आणि उशीत खोचली. शेवटची खोचली आणि मग ती बसल्या जागी, जमिनीवर, ओंजळीत तोंड लपवून रडली. मोठ्याने. मी ताईला असं रडताना वडील गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक बिचारं एक पाय आखूड, एक पाय लांब असं अवघडून उभं. "कुणी वारलं का?" त्याने मला हळूच विचारलं. मी म्हटलं, "नाही हो, पास झाली!" त्यावर त्याने वाकून ताईला हात दिला आणि अभिनंदन म्हणाला. पँट तशीच.

ताईने डोळे पुसले, राहिलेल्या टाचण्या लावल्या, माप परत तपासलं, गिऱ्हाइकाला वाटेला लावलं. तोंडभर हसत होती. भाऊजींना फोन केला. ते कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर होते. वाऱ्यातून ओरडून म्हणाले, "मी लवकर येतो." आयुष्यात पहिल्यांदा त्यांना घाई झालेली मी ऐकली.

फोन ठेवल्यावर ताईचं हसू जरा उतरलं. टेबलावरचे कागद सारखे करत ती म्हणाली, "सोमवारी कापड येईल. मेट्रनबाईंना शब्द दिलाय. सकाळी सहाला बसले तर..."

मी फोन उचलला. ताई म्हणाली, "कुणाला लावतेस?" मी नंबर लावला. खोटं कशाला बोलू, मला ते जड जात होतं. वर्षाचं काम होतं ते, आणि या हातांनी मी आजवर एकही गिऱ्हाईक परत पाठवलेलं नाही.

"मेट्रनबाई," मी म्हटलं, "गणवेशाचं काम आम्हाला जमणार नाही. कापड पाठवू नका."

"अहो, तुमच्या ताईंनी तर कबूल केलं होतं! एकाएकी काय झालं?"

ताई टेबलापलीकडे उभी होती. तिने मला थांबवायला हात उचलला होता आणि तो तसाच वर राहिला होता.

"ताई कॉलेजात जाते," मी म्हटलं. "दुपारी दुकानात नसते."

"असं होय. कधीपर्यंत?"

"तिचं शिकून होईपर्यंत."